दहा सेकंद पुढे ढकलू नका

स्वेटर घालूनच निघा. १९७२च्या आगेमागे जायचंय, आणि महाबळेश्वरची रात्र तेव्हाही अशीच बोचरी.

तुमच्या समोर एक बस उभी आहे. टपावर वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, दिव्यांची खोकी, वायरची भेंडोळी. आतून उतरणारी माणसं सिनेमावाली वाटतच नाहीत, वऱ्हाड वाटतं. भाऊ आहेत, भावजया आहेत. सरकारी विश्रामगृहाच्या मागे स्टोव्ह फरफरू लागलेत आणि घरच्याच बायका सगळ्यांच्या स्वयंपाकाला लागल्यात. तुम्ही कडेला उभे राहा. कोणी विचारलंच तर लाइटवाला आहे म्हणा. इथे हात कमी आहेत, लगेच तुमच्याकडे स्टँड सोपवतील.

हे रामसे. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनाव बसेना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आलं आणि मागोमाग सिनेमाचा नाद लागला. मुलगे सात. कुमार लिहितो, गंगू आणि केशू कॅमेऱ्याजवळ, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. बाहेरचा माणूस पगार मागतो, घरचा जेवण मागतो. त्यांच्या हिशेबाचं गणित एवढंच आहे.

भुतांकडे ते वळले ते पडलेल्या सिनेमामुळे. १९७०चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. तुलसी आणि श्याम थिएटरात जाऊन प्रेक्षकांकडे बघत बसले, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक खुर्चीत ताठ होतात. मग पोरांनी वडिलांच्या मागे धोशा लावला, आख्खा सिनेमाच तसा करू.

गप्प बसा आता, शॉट लागतोय.

झाडामागे एक दिवा. घमेल्यातल्या निखाऱ्यांवर कोणीतरी धूप टाकतो आणि धूर जमिनीलगत सरकायला लागतो. समोर खड्डा, खड्ड्यावर भुसभुशीत माती, मातीखाली नट. पाच मिनिटांपूर्वी तुम्ही त्याला बशीतून चहा ओढताना पाहिलंय. तरी माती जराशी हलते आणि तुमचे हात आपोआप स्वेटरच्या बाह्यांत जातात. माती थांबते. मग काहीच होत नाही. तुम्ही मनात आकडे मोजता, चार, पाच, सहा. अजून काही नाही. सातव्याला बोटं वर येतात आणि तुम्ही पाऊलभर मागे सरकलेले असता.

त्या सहा सेकंदांना एक पैसाही लागला नाही. भूत दाखवायला मुखवटा हवा, रंग हवा, नटाचं मानधन हवं. भुताची वाट पाहायला लावणं फुकट आहे. फक्त आपल्या गोष्टीवर भरवसा हवा. त्या रात्री या घराकडे तो होता, कारण दुसरं काही नव्हतंच. 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी साडेतीन लाखांत, चाळीसेक दिवसांत उरकला. बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याला मारून पुरतात आणि पुरलेला परत येतो, एवढीच गोष्ट. ती चालली.

उतरताना घाटात गाडी थांबवू नका. पुढे बारा-एक वर्षांनी याच महाबळेश्वरहून श्याम रामसे एकटे मुंबईला निघाले, वाटेत एका बाईनं लिफ्ट मागितली, ती शेजारी बसली आणि मग त्यांचं लक्ष तिच्या पावलांकडे गेलं, पावलं उलटी होती, असा किस्सा रामसे मंडळी सांगतात. १९८८च्या 'वीराना'चं मूळ त्यात आहे म्हणे. खरं-खोटं श्यामबाबूंना ठाऊक. पण उलट्या पावलांची हडळ तुम्हाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. ती तुमच्या आजोळच्या विहिरीवर आधीपासून बसलेली आहे. रामसेंनी विलायतेच्या भूतपट काढणाऱ्या हॅमर कंपनीचं पाहून जिथे काळा झगा आणि शवपेटी आणली, तिथे मला हसू येतं. जिथे त्यांनी त्रिशूळ, पडकं देऊळ आणि उलटी पावलं धरली, तिथे आजही पाय पोटाशी घ्यावेसे वाटतात.

आता १९८४. तालुक्याचं गाव, शेवटचा खेळ. दिवसभर रिक्षा कर्णा लावून गावभर फिरली आहे, 'कमजोर दिलाच्या माणसांनी येऊ नये' असं ओरडत. त्यामुळे सगळे कमजोर दिलाचे आलेत. तिकिटावर 'फक्त प्रौढांसाठी' आहे. डोअरकीपर मिसरूड बघतो आणि ज्याला नाही त्यालाही आत ढकलतो. तुम्ही पुढच्या बाकावर बसता. बाकात ढेकूण आहेत, वर पंखा आहे पण त्याचा फक्त आवाज येतो, आणि शेजारचा माणूस शेंगांची टरफलं तुमच्या चपलेवर टाकतोय.

'पुराना मंदिर' सुरू होतो. राजाचा लवाजमा रानात अडकतो, जवळ एक पडकं देऊळ, आणि त्यात सामरी नावाचा सैतान. त्याला पकडतात, मुंडकं उडवतात, धड एकीकडे पुरतात, मुंडकं दुसरीकडे पेटीत कुलूपबंद करतात, आणि मरता मरता तो राजाच्या वंशाला शाप देतो, या घरातल्या मुली बाळंतपणात मरतील. लक्ष द्या, गोष्ट पक्की आहे. पेटी आहे म्हणजे ती कधीतरी उघडणार, हे पहिल्या पंधरा मिनिटांत आख्ख्या थिएटरला कळलंय. आता वाट पाहायची. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंच, हाडापेरानं थोराड, लांबट चेहऱ्याचे. त्यांना मुखवट्याची फारशी गरजच नाही. दारात नुसते उभे राहिले की चौकट लहान होते. सदाशिव अमरापूरकर पडद्यावर आले की मागून कोणीतरी 'रामा शेट्टी!' ओरडतं, कारण 'अर्धसत्य' येऊन वर्षच झालंय.

आणि मग पेटी उघडायच्या बेतात असताना येतो मच्छरसिंग. जगदीप, 'शोले'ची नक्कल. लांबच लांब विनोद. पिटातले लोक हसतात, मीही तेव्हा हसलो असतो, पण माझी रामसेंबद्दलची मोठी तक्रार हीच. त्यांच्या सिनेमांना नावं ठेवणारे नेहमी पैशांकडे बोट दाखवतात. रबरी हात, लाल रंगाचं रक्त, हलणारी भिंत. मला त्यातलं काहीच खुपत नाही. खुपतं ते हे, की भूत लोकांना धरून ठेवेल यावर भूत बनवणाऱ्यांचाच विश्वास उरलेला नाही. म्हणून मध्ये विनोद, मध्ये गाणं, मध्ये धबधब्याखालची आंघोळ. हे पैसे नसल्याचं लक्षण नव्हे. गाण्याला, विनोदाला, आंघोळीला उलट जास्तच पैसे लागले असणार.

मध्यंतर होतं. भजी खाऊन परत या, कारण खरी गंमत नंतर आहे.

रात्रीची हवेली. नायिका जिना उतरतेय. पडद्यावर अर्धा अंधार, पैंजणांचा आवाज, आणि एकाएकी फिल्म तुटते. पडदा काळा. मशीनरूममध्ये ऑपरेटर शिव्या घालतोय ते ऐकू येतं, पण हॉलचे दिवे लागत नाहीत. चारशे माणसं मिट्ट काळोखात बसलीत. कोणी शिट्टी मारत नाही. तुमच्या डावीकडे काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. बाल्कनीत एक बाई किंचाळते, तिच्या मागोमाग आख्खी बाल्कनी, मग पिट, आणि तुम्हीसुद्धा. शेंगावाल्यानं तुमचं मनगट धरलंय. दिवे लागतात, सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि तो मनगट सोडायचं विसरतो.

त्या रात्रीचा सगळ्यात भयंकर प्रसंग रामसेंनी चित्रित केलेलाच नव्हता. पण तो घडला, कारण तोवर त्यांनी तुम्हाला जिन्याच्या मधल्या पायरीवर आणून उभं केलं होतं. स्वस्तातला भूतपट जागा मोकळ्या सोडतो आणि हॉल त्या भरतो. हॉल नसेल तर निम्मा सिनेमा नाही.

१९९३ला मात्र हॉल तुमच्या बैठकीच्या खोलीत आलाय. गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबतायत. झी टीव्ही येऊन वर्षही झालेलं नाही आणि त्यावर रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झालाय. पहिली गोष्ट 'दस्तक', पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग. तुमच्याकडे टीव्ही आहे म्हणून शेजारच्या काकू दोन मुलांना घेऊन आल्यात. आजी आतल्या खोलीत आहेत. मला ते बघायचं नाही म्हणाल्या, पण दार किलकिलं ठेवून. शीर्षकाचं संगीत सुरू होताच धाकटा उशी तोंडावर घेतो. तुम्ही त्याला 'खोटं असतं रे ते' म्हणता आणि स्वतःचे पाय सोफ्यावर घेता. सोफ्याखाली काय असतं, हे तुम्हालाही नक्की माहीत नाही.

माझं मत विचाराल तर रामसेंना टीव्ही जास्त मानवला. अर्ध्या तासात मच्छरसिंगला जागा नाही, आंघोळीला परवानगी नाही. उरतं काय? दार, जिना, वारा, कुत्र्याचं रडणं. शिवाय केबलच्या चित्रात मुंग्या इतक्या, की मुखवट्याची शिवण दिसतच नाही. गरिबीवर गरिबीचं पांघरूण. पण पुढेपुढे तिथेही तोच रोग शिरला. गोष्ट आठवड्यामागून आठवडे ताणायची, जाहिरातीआधी दार करकरायचं आणि जाहिरातीनंतर मांजर निघायचं. तिसऱ्यांदा मांजर निघालं की काकू उठून भाताचा कुकर लावायला जातात, आणि कुकर लावायला गेलेल्या बाईला पुन्हा कोणतंही भूत घाबरवू शकत नाही. दोन वर्षांनी सोनीवर 'आहट' आली. तिचे बरे भाग आठवून पाहा. जे आठवतात त्यात भूत शेवटच्या दोन मिनिटांत आहे.

त्याच १९९३मध्ये मराठीत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्यांचा. कल्पना अमेरिकन सिनेमावरून आलेली, सिनेमा विनोदी. तरी माझ्या ओळखीची कितीतरी मुलं सामरीला विसरली, तात्या विंचूला नाही. त्याला कारण आहे. सामरी हवेलीत राहतो, आणि हवेली आपल्या ओळखीत कोणाची नसते. बाहुला शोकेसमध्ये, वरच्या फळीवर, रात्रभर आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो.

शेवटची एक थांबण्याची जागा, मग घरी. सासवडचा जुना वाडा. छत्री असू द्या. इथे 'तुंबाड'चं चित्रण चाललंय, २०१८ला पडद्यावर येईपर्यंत कित्येक पावसाळे उलटणार आहेत. नारायण धारपांच्या गोष्टीचं बीज, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. हा रामसेंइतका स्वस्त सिनेमा नव्हे, पण मोठ्या नटांच्या सिनेमाशेजारी ठेवलात तर खर्च किरकोळच. तुम्ही बघता, सगळे थांबलेत. खरा पाऊस हवाय, खरं ढगाळ आभाळ हवंय. ज्यांना चित्रणासाठी आभाळाची वाट पाहता येते, त्यांना प्रेक्षकालाही वाट पाहायला लावता येते. सिनेमातली ती साखळदंडानं बांधलेली म्हातारी आठवा. ती दिसण्याआधी तुम्ही तिच्या घोरण्याला घाबरला होतात. महाबळेश्वरच्या खड्ड्यावरचे सहा सेकंद ते हेच, फक्त पावसात भिजलेले.

परत आलात? तुमच्या हातात फोन आहे आणि त्यावर 'पुराना मंदिर' फुकट आहे. दिवा चालू, आवाज बारीक, पडदा हाताएवढा. नायिका जिना उतरायला लागते आणि तुमचा अंगठा उजवीकडे जातो. दहा सेकंद पुढे, अजून दहा. लगेच सामरी येतो, रबरी दिसतो, तुम्ही हसता आणि मित्राला सांगता की जुने भूतपट काय भंगार असतात. खरं म्हणजे तुम्ही भंगार तेवढं पाहिलंत आणि सिनेमा पुढे ढकललात.

तेव्हा एवढं करा. एका रात्री चार माणसं बोलवा. त्यातला एक घाबरट असलाच पाहिजे. दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मच्छरसिंग आला की खुशाल चहा करायला उठा, माझी परवानगी आहे. पण जिना आला की परत येऊन बसा, आणि अंगठा आवरा.