भिवपुरीचें पाणी आणि पावसाचें भाकीत

डोंबिवलीकर गृहस्थ सकाळीं नळ सोडतो, तेव्हां त्या धारेंत मावळांतील आंध्रा नदीचा वांटा आहे, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. सृष्टिक्रमाप्रमाणें आंध्रेनें इंद्रायणीस, इंद्रायणीनें भीमेस व भीमेनें कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें. परंतु १९२२ सालीं ठोकरवाडीच्या धरणानें तिचें तोंड पश्चिमेस फिरविलें. तें पाणी बोगद्यांतून व नळांतून भिवपुरीस कोसळतें, तेथील चक्रें फिरवून उल्हास नदींत पडतें, आणि बारवी धरणाच्या जोडीनें कल्याण-डोंबिवलीचा उन्हाळा निभावून नेतें. विजेचा हिशोब हा येथें पिण्याच्या पाण्याचाहि हिशोब आहे.

घाटमाथ्यावर पाऊस उदंड, मग चिंता कसली, असें कोणी म्हणेल. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो, व त्यावर बारा महिने काढावयाचे असतात. या पाण्यापासून वीज करण्याचा ध्यास जमशेटजी टाटांनीं घेतला. ते १९०४ सालीं निवर्तले, व १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. वळवण, लोणावळा व शिरवता येथील तलावांचें पाणी तेथें सुमारें सतराशें फूट खालीं येतें. पुढें १९२७ सालीं भिरा. त्याच्या मुळशी धरणाखालीं ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांचा सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह सर्वश्रुत आहे. रेल्वेनें मात्र ठाकुर्लीजवळ चोळें येथें कोळशावरील वीजघर उभारलें. त्यास पावसाची प्रतीक्षा नव्हती. तें आतां बंद पडलें आहे, पावसावरचीं तीन वीजघरें चालूं आहेत!

धरण बांधणारा स्थापत्यविशारद मागील वर्षांचे पाऊसमान मांडून त्यावरून तलावाचें आकारमान ठरवितो. जें झालें तेंच पुढें होईल, हें त्याचें गृहीतकृत्य. भाकिताचा इतिहास याच गृहीतकृत्यावर ठेंचाळत गेला आहे. १८७५ सालीं स्थापन झालेल्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील हिमावरून १८८६ पासून नियमित भाकितें दिलीं: हिम अधिक तर पाऊस कमी. १९०४ सालीं केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनीं दूरदूरच्या समुद्रांवरील वायुभारांचे व आपल्या पावसाचे संबंध गणितानें जुळवून दाखविले. आम्हांस या माणसाविषयीं मोठा आदर वाटतो. पण हे संबंधहि कायमचे नव्हते. पॅसिफिक महासागर तापला कीं आपला पाऊस रुसतो, हा ठोकताळा १९९७ सालीं साफ चुकला. समुद्र विलक्षण तापला होता, आणि पाऊस सरासरीइतका झाला.

आतां तर हवामानच पालटत आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कल्याण-बदलापुरांत उल्हासेचें पाणी घराघरांत शिरलें. जुलै २०१९ मध्यें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली. मध्य भारताच्या पट्ट्यांत १९५० ते २०१५ या काळांत विस्तीर्ण अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. वर्षाची बेरीज तीच राहील कदाचित्, परंतु ती चार दिवसांच्या धुवांधार पावसांत पुरी झाली, तर तलाव भरून सांडव्यावरून वाहील. आणि सांडलेल्या पाण्यापासून वीज होत नाहीं. म्हणजे हिशोब वह्यांत बरोबर येईल, व मे महिन्यांत चुकेल.

आमच्या मतें एकच आंकडा सांगणाऱ्या भाकिताचा आतां उपयोग नाहीं. अमुक इतका पाऊस होईल असें न सांगतां, इतका होण्याचा संभव एवढा व तितका होण्याचा तेवढा, असें सांगणेंच प्रामाणिकपणाचें. अर्थात् त्यामुळें निर्णय सोपा होत नाहीं. पुरासाठीं तलावांत जागा रिकामी ठेवावी, तर पुढें पाऊस दडी मारील ही भीति. तो कांठोकांठ भरूं द्यावा, तर उल्हासेच्या कांठच्या वस्तीची काळजी. वीज संध्याकाळीं अधिक हवी म्हणून पाणी सोडावें, तर तें वैशाखांत कोठून आणावयाचें? नवीन पाऊस लांबलाच, तर साठा १५ जुलैपर्यंत पुरावा म्हणून पूर्वीं कांहीं वर्षीं हिंवाळ्यापासूनच पाणीकपात सुरू होत असे, आणि कल्याण-डोंबिवलींतील गृहिणी आठवड्यांतील कोणत्या दिवशीं नळ कोरडा, याची नोंद दिनदर्शिकेवर करून ठेवीत.