बर्फ सुटावा कसा?

पाणी गोठवणे ही मोठी करामत मानली जाते. परंतु बर्फाचा इतिहास पाहू गेल्यास माणसाला गोठवण्याहून अधिक छळले ते गोठलेला बर्फ सोडवून घेण्याने, असे म्हणावयास हरकत नाही. रेफ्रिजरेटरच्या दारातून पेल्यात बर्फ पाडणारे यंत्र अडून बसते, तेव्हा गृहिणीपुढे येते ते हेच जुने कोडे.

बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याचे ‘टस्कनी’ जहाज १८३३ च्या मे महिन्यात १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले. सप्टेंबरात ते कलकत्त्यास पोचले तेव्हा शंभरएक टन शिल्लक होता! गोठलेल्या तळ्यांतून काढलेल्या या लाद्या लाकडाच्या भुशात रचीत. भुसा उष्णता अडवी, आणि लाद्या एकमेकींस चिकटू देत नसे. हे दुसरे काम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १८५० साली मायकेल फॅरडे याने लंडनला दाखवून दिले, की वितळण्याच्या बेतात असलेले बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी जुळून एक होतात.

घरातल्या शीतकपाटात हा स्वभाव फारच जाचू लागला. धातूच्या ट्रेमध्ये बर्फ असा घट्ट बसे, की कित्येकजण सुरी घेऊन त्याच्यावर तुटून पडत. आसपासची शीतनलिका त्यात फुटली, तर आतला वायू निघून जाई व कपाटाची नुसती पेटी उरे. लॉइड कोपमन या अमेरिकन संशोधकाने रबरी बुटावरून बर्फ सहज सुटून पडताना पाहिला आणि १९२८ मध्ये रबरी ट्रे काढला. १९३३ साली गाय टिंकहॅम याने वाकवता येणारा पोलादी ट्रे केला. १९५३ च्या सुमारास सर्व्हेल कंपनीने आपोआप बर्फ करणारे यंत्र घरगुती कपाटात बसवले, आणि १९६५ च्या सुमारास फ्रिजिडेअरने बर्फ दारातून बाहेर आणला.

या यंत्राची युक्ती मोठी मौजेची आहे. बर्फ झाला की साचा क्षणभर तापवावयाचा! कडा किंचित वितळतात आणि फिरती पाती तुकडे बाहेर लोटतात. फिरत्या पात्यांना अडथळा होऊ नये म्हणूनच बऱ्याच यंत्रांतला बर्फ चंद्रकोरीच्या आकाराचा असतो. डबा भरला की एक तारेचा दांडा वर उचलला जाऊन काम थांबते. डब्याच्या तळाशी असलेला मळसूत्री दांडा मोटरीने फिरतो आणि बर्फाला दारातल्या झडपेपर्यंत ढकलतो.

बिघाडाचे मूळ पुष्कळदा या झडपेतच असते. तिच्या कडेचे रबर कडक झाले, अथवा बर्फाची एखादी कपची मध्ये अडकली, की बाहेरची दमट हवा आत शिरते. ती तुकड्यांवर दवासारखी बसून गोठते आणि डब्यातल्या साऱ्या तुकड्यांची एक ढेप बनते. मोटर गुरगुरते, मळसूत्र हलत नाही. मग मोटर जळाली असे समजून ती बदलली जाते आणि पंधरा दिवसांनी ढेप पुन्हा हजर!

तेव्हा प्रथम कपाटाचा वीजप्रवाह बंद करावा. डबा बाहेर काढून जुना बर्फ टाकून द्यावा, कोमट पाण्याने डबा व मळसूत्र धुवून अगदी कोरडे करावे. थेंब राहिला तर तोच नव्या ढेपेचे बीज होतो. सुरीला मात्र इथेही मज्जाव. झडप हाताने उघडून सोडावी व ती पुरती मिटते की नाही हे पाहावे. रबर तडकले असल्यास ते बदलावे. तारेचा दांडा कोणी चुकून वर करून ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. बर्फच होत नसेल, तर पाण्याची बारीक नळी आत गोठली असण्याचा संभव असतो. ती सावकाश वितळू द्यावी.

एवढे झाल्यावर डबा पुन्हा भरावयास निदान एक दिवस जातो. तोवर पाहुण्यांना माठातले पाणी द्यावे.