पेन्शनच्या पुडक्यातले गणगोत

दिवाळीत घर कसे भरते हे मी वाचकांना सांगायला नको. पाडव्याला जावई येतात, भाऊबिजेला भाऊ-बहिणी भेटतात, आणि फराळाच्या ताटांभोवती बसून कोण कुणाचा कोण, याचा हिशेब पुन्हा एकदा लागतो. आजीचे माहेर, आत्याचे सासर, पणजोबांचे गाव. सारे आपल्या जिभेच्या टोकावर असते. ज्यांच्या नात्यांना कायद्याने नातेच मानले नव्हते, अशा माणसांची हकीकत आज सांगणार आहे. ती घडली अमेरिकेत, आणि टिकून राहिली ती पेन्शनच्या कागदांत.

माझे अर्धे आयुष्य पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमाल सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेले. निवृत्त होऊन मुलीकडे अमेरिकेला गेलो, पण खोड कुठली सुटायला! वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काही दिवस जाऊन बसलो. शाईच्या लेखणीला तिथे मज्जाव. टिपणे घ्यायची ती शिसपेन्सिलीने. पुढ्यात आली ती यादवी युद्धातल्या शिपायांच्या पेन्शनची पुडकी.

हे युद्ध 1861 ते 1865 असे चार वर्षे चालले. मे 1863 मध्ये उत्तरेच्या सरकारने काळ्या पलटणींसाठी स्वतंत्र खातेच उघडले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 1,79,000 कृष्णवर्णीय त्या सैन्यात दाखल झाले होते. त्यांतले सुमारे 40,000 मेले. गोळीने थोडे, रोगराईने फार. यांतले कितीतरी जण कालपरवापर्यंत गुलाम होते.

गुलामाच्या पूर्वजांचा शोध घेणे किती कठीण, ते पाहा. 1850 आणि 1860 च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. वर मालकाचे नाव, खाली वय, लिंग आणि वर्ण. नाव नाहीच! गोठ्यातल्या गाईला नाव असते. इथे आईला नाव नाही, लेकराला नाही. यांतल्या बहुतेकांची नावे सरकारी गणतीत प्रथम उमटली ती 1870 साली. त्यापूर्वी जणू भिंत उभी आहे. त्या भिंतीला एक खिडकी आहे, ती या पेन्शनच्या कागदांची.

1862 च्या कायद्याने मृत शिपायाच्या विधवेला दरमहा 8 डॉलर मिळू लागले. मात्र आपण त्याची लग्नाची बायको आहोत, हे तिने सिद्ध करायचे. आता गुलामांचे लग्न कायद्याला मंजूरच नव्हते. मालकाने मनात आणले की नवरा एका मळ्यावर आणि बायको दुसऱ्या गावी विकली जाई. तेव्हा दाखला आणायचा कुठून? अखेर 1864 साली आणि पुन्हा 1866 साली सरकारने कायद्यात सुधारणा केली. दोघे एकमेकांना पती-पत्नी मानत होते आणि शेजारीपाजारीही तसेच समजत होते, एवढे साक्षीपुराव्याने दाखवले की पुरे, असे ठरले.

या साक्षींमुळेच पुडकी जाड झाली. शंका आली की पेन्शनखात्याचा तपासनीस गावात येई आणि जबान्या घेई. तुझा मालक कोण होता? त्याने तुला कुणाकडून विकत घेतले? लग्न कुणी लावले? मुले किती, आणि त्यांतली विकली किती? सांगणाऱ्यांत पलटणीतले सोबती असत, सुईण असे, मळ्यावरच्या शेजारणी असत. कधी जुन्या मालकाच्या घरच्यांची साक्ष निघे. कारण गुलामाच्या पोराचा जन्म लिहिलेला सापडायचा तो मालकाच्या वहीत!

तारखा कुणाला ठाऊक नव्हत्या. आपल्या आज्या ‘प्लेगच्या साली’ म्हणत, तसे दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचे लोक ‘मोठ्या तोफा झाल्या त्या दिवसापासून’ मोजत. तो दिवस 7 नोव्हेंबर 1861. त्या दिवशी पोर्ट रॉयलवर उत्तरेच्या आरमाराने मारा केला आणि मळेवाले पळून गेले. जबानीच्या शेवटी फुली. आपला कुणबी नांगराची निशाणी करी, तशीच ही निशाणी.

नावाचा घोळ तर विचारू नका. भरतीच्या वेळी पटावर मालकाचे आडनाव चढलेले असे. स्वातंत्र्य मिळाल्यावर माणूस बापाचे किंवा आपल्या पसंतीचे नाव घेई. हॅरिएट टबमनचेच पाहा. शेकडो गुलामांना सोडवणारी ही शूर बाई; पण तिलाही यातून सुटका नव्हती. तिचा नवरा नेल्सन डेव्हिस सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने होता. चार्ल्स हे मालकाचे नाव, डेव्हिस बापाचे. तो 1888 साली वारला. 1890 साली तिने अर्ज केला. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे तिला शपथेवर सांगावे लागले. 8 डॉलर मंजूर व्हायला 1895 उजाडले. तिने स्वतः केलेल्या शुश्रूषेची दखल घेऊन 1899 साली त्याचे 20 झाले.

टबमनची ही गत, तर अनाम विधवांची काय झाली असेल! गोऱ्यांच्या मानाने काळ्यांचे अर्ज अधिक फेटाळले गेले. 1882 च्या कायद्याने तर परपुरुषाबरोबर राहणाऱ्या विधवेचे पेन्शन बंद होऊ लागले, आणि तपासनीस शेजारणींना चोरून-मारून तेच विचारू लागला. 8 डॉलरसाठी त्या बायकांनी आपले सारे आयुष्य परक्यासमोर उकलले. आणि त्या अपमानातूनच त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा वंशवृक्ष हाती लागला, हे इतिहासाचे विचित्र देणे!

2 जून 1863 रोजी कंबाही नदीवरच्या भातमळ्यांवर छापा घालून 700हून अधिक गुलाम सोडवण्यात आले. कर्नल मॉन्टगोमेरीच्या त्या मोहिमेत टबमन होती. सुटलेल्यांपैकी कितीतरी पुरुष लगेच पलटणीत शिरले. एडा फील्ड्स-ब्लॅक या इतिहासकार बाईंनी त्यांची पेन्शनची पुडकी चाळून त्या माणसांची नावे, लग्ने आणि सोयरीकसंबंध जुळवून काढले. छाप्यातल्या शिपायांत त्यांचे स्वतःचे एक पूर्वजही होते. 2024 साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाला 2025 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तिथे बसल्या बसल्या मला मात्र आमचे दप्तर आठवत होते. 1873 साली जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. जोतीरावांची नजर समुद्रापार पोचली होती. मी मात्र पेशवेकालीन कागदांत कुणबिणींची खरेदी कितीदा वाचली. वय अमुक, किंमत तमुक. वाचले, टिपले आणि रुमाल बांधून ठेवला. हिची आई कोण, हिची मुले कुठे गेली, हे विचारणारा तपासनीस त्यांच्या दारी गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि खरे सांगायचे तर, तेव्हा तो प्रश्न मलाही पडला नाही.

परत आल्यावर जुन्या टिपणवह्या काढल्या आहेत. या खेपेस किंमत नव्हे, नावे उतरून घेतो आहे. भाऊबिजेला नातीने विचारले, “आजोबा, ही कुणाची नावे?” मी म्हणालो, “ज्यांना ओवाळायला कुणी उरले नाही, त्यांची.”