पार्श्वगायनाच्या पलीकडचा कंठ : तृतीयपंथीयांचे गाणे आणि म्युझिक व्हिडिओ

१८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याची चर्चा आपल्याकडे बहुधा भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात होते. या कायद्याच्या दुसऱ्या भागाकडे मात्र साहित्य-संस्कृतीच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा भाग ज्यांना कायद्याने ‘नपुंसक’ म्हटले, त्यांच्या नोंदणीविषयी आहे. त्यातील सव्विसावे कलम असे सांगते की, नोंदवली गेलेली व्यक्ती स्त्रीवेषात वा स्त्रीचे अलंकार घालून सार्वजनिक रस्त्यावर दिसली, किंवा रस्त्यावरून दिसावे या हेतूने अन्यत्र तशी उभी राहिली, तर ती विनावॉरंट अटकेस पात्र आहे. त्याच वाक्यात पुढे नाचणे, वाद्य वाजवणे, सार्वजनिक खेळात भाग घेणे आणि पैसे घेऊन खाजगी घरात असे सादरीकरण करणे, हेही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचे गुन्हे ठरवलेले आहेत.

या कलमाच्या शब्दरचनेत एक संपूर्ण सौंदर्यशास्त्र उलटे करून मांडलेले आहे, असे म्हणता येईल. वेष, दिसण्याचा हेतू, नाच, वाद्य, प्रेक्षक आणि बिदागी ही सादरीकरणाची सारी अंगे येथे एकेक करून गुन्ह्याच्या व्याख्येत गोवली गेली. घरात पैसे घेऊन गाण्याचा उल्लेख तर थेट बधाईला लागू होतो. मूल जन्मले, लग्न लागले की ढोलक घेऊन दारात येणे, गाणे, आशीर्वाद देणे आणि आपला हक्क मागणे हा हिजडा समाजाच्या उपजीविकेचा मुख्य आधार होता. जेसिका हिंची यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात वायव्य प्रांतातील वसाहती अधिकाऱ्यांचे जे धोरण उलगडून दाखवले आहे, त्याचा रोख हा समाज हळूहळू नामशेष व्हावा असाच होता. गाणे बंद पाडणे हे त्याचे एक साधन होते. गाणाऱ्याला मारण्यापेक्षा त्याचा श्रोता काढून घेणे सरकारला अधिक सोयीचे वाटले असावे.

हा भाग सुरुवातीला वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू होता. मुंबई इलाख्यातील हकीकत वेगळी आहे आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ साली ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवले आहे की, मराठा राजवटीत दख्खनच्या काही भागांतील हिजड्यांना गावोगाव भिक्षा घेण्याचा वंशपरंपरेसारखा चालणारा हक्क राज्याने मान्य केला होता. येथील ‘वंश’ अर्थातच गुरूकडून चेल्याकडे जाणारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालवण्यास नकार दिला. जोशी, गुरव, मुलाणी यांच्या हक्कांसारखाच जो एक हक्क होता, तो ‘सभ्यते’च्या नावाखाली रद्द झाला आणि मागणारा हक्कदार भिकारी झाला. रस्त्यावरच्या टाळीकडे आज ज्या नजरेने पाहिले जाते, त्या नजरेचा इतिहास येथपर्यंत मागे नेता येतो.

गुरू-चेल्याच्या या नात्याला समाजात ‘घराणे’ म्हणतात. सेरेना नंदा यांनी १९९० सालच्या ग्रंथात हिजड्यांच्या सात घराण्यांची नोंद केली आहे आणि त्यांत भेंडीबाजार व पूनावाला ही नावे आहेत. भेंडीबाजार हे नाव संगीताच्या अभ्यासकाला लगेच दुसऱ्या अर्थाने ऐकू येईल. अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर यांचे घराणे त्याच वस्तीच्या नावाने ओळखले जाते. दोन्ही ठिकाणी शब्द एक, वस्तीचे नाव एक, गुरूच्या घरी राहून, सेवा करून विद्या व ओळख मिळवण्याची पद्धतही एकाच जातीची. एका घराण्याच्या नावावर ग्रंथ लिहिले गेले. दुसऱ्याच्या गाण्याची बंदिश म्हणून नोंद करावी असे संगीतशास्त्रकारांना वाटले नाही. या दोन परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण होती असे सुचवण्याचा हेतू येथे नाही. प्रश्न आहे तो कोणत्या कंठाला ‘संगीत’ म्हणायचे याचा.

हिंदी चित्रपटाने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते पार्श्वगायनाच्या तंत्रातून दिले. पार्श्वगायन म्हणजे एका देहाला दुसऱ्या देहाचा आवाज जोडणे; आणि हा जोड प्रेक्षकाने विनातक्रार स्वीकारावा हा या चित्रपटसृष्टीचा मूलभूत संकेत आहे. ‘कुंवारा बाप’ (१९७४) या मेहमूदच्या चित्रपटात एका टाकून दिलेल्या मुलाला रिक्षावाला घरी आणतो आणि हिजड्यांचा मेळा बधाई गाऊ लागतो. पडद्यावर समाज आहे, त्याची टाळी आहे, ढोलक आहे. ठळकपणे ऐकू येणारे आवाज मात्र महंमद रफी आणि स्वतः मेहमूद यांचे. तीनच वर्षांनी ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अकबर आपल्या भावी सासऱ्याच्या दारात जो तमाशा मांडतो, त्यात हिजडे त्याच्या मागे टाळ्या वाजवत उभे असतात. आवाज पुन्हा रफींचाच. पहिल्या गाण्यात निदान बधाईचा मूळ प्रसंग शाबूत आहे. दुसऱ्यात सासऱ्याला चारचौघांत लाजवण्याचे हत्यार एवढीच समूहाची भूमिका उरते. दोन्ही गाणी गोड आहेत, लोकप्रिय आहेत, आणि दोन्हींत एकच व्यवहार घडतो: टाळी ठेवली जाते, कंठ काढून घेतला जातो.

हे योगायोगाने घडले नसावे. वेष बदलता येतो, चाल शिकता येते; आवाज मात्र सहजी बदलत नाही, आणि म्हणून तृतीयपंथी देहावर समाज अविश्वास दाखवतो तो बहुधा आवाज ऐकून. ‘बाईचा’ आणि ‘पुरुषाचा’ असे आवाजाचे दोनच खण असलेल्या गीतपद्धतीत या कंठाला जागा नव्हती. नायिकेला लता आणि नायकाला रफी अशी काटेकोर विभागणी ज्या उद्योगाने केली, त्याला या विभागणीच्या मधोमध उभा असलेला आवाज ध्वनिमुद्रित करणे म्हणजे आपलाच पाया उकरणे होते.

मराठीत याच प्रश्नाचे वेगळे रूप ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटात दिसते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटातील जोगत्याला देवीच्या नावाने साडी नेसावी लागते. ती त्याने निवडलेली नाही. त्यामुळे त्याचे दुःख हे लादलेल्या स्त्रीत्वाचे दुःख आहे, आणि हिजडा समाजाच्या आत्मकथनाशी त्याची गल्लत करणे चुकीचे ठरेल. मराठी समीक्षेत ही गल्लत वारंवार होते. तरीही संगीताच्या अंगाने पाहिले तर संकेत तोच राहतो: जोगत्याच्या मुखी हरिहरन यांचा तालीमबद्ध, निःसंदिग्ध पुरुषी आवाज येतो, आणि तो आवाजच प्रेक्षकाला साडीच्या आतला ‘खरा’ पुरुष दाखवून देतो. अजय-अतुल यांच्या संगीताचे मोल याने कमी होत नाही. परंतु त्या आवाजाने कथानकाचा निकाल आधीच लावून टाकला आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हम है हॅपी’ हा म्युझिक व्हिडिओ वाचावा लागतो. यशराजच्या वाय-फिल्म्स या शाखेने, ब्रूक बाँड रेड लेबल या चहाच्या प्रायोजकत्वाखाली, संगीतकार शमीर टंडन यांच्याकडून सहा तृतीयपंथी गायकांचा ‘सिक्स पॅक बँड’ उभा केला. फिदा खान, रविना जगताप, आशा जगताप, चांदनी सुवर्णकर, कोमल जगताप आणि भाविका पाटील ही त्या सहा जणींची नावे. गाणे फॅरेल विल्यम्स यांच्या २०१३ सालच्या ‘हॅपी’ची हिंदी आवृत्ती होते. २०१४ साली जगातील अनेक शहरांनी या गाण्यावर नाचून आपापल्या चित्रफिती केल्या होत्या. तेहरानमध्ये तशी चित्रफीत करणाऱ्या काही तरुण-तरुणींना अटकही झाली. उघड्यावर नाचणे हा गुन्हा ठरण्याला एकोणिसावे शतकच लागते असे नाही.

बँडच्या नावात एक श्लेष आहे आणि तो परकीय वाचकाला समजावून सांगावा लागेल. हिंदीत आणि मुंबईच्या मराठीतही तृतीयपंथीयाला हिणवण्यासाठी जो शब्द वापरतात तो सहा या आकड्यावरून आलेला आहे. पीळदार पुरुषी पोटाचे वर्णन करणारा इंग्रजी शब्दप्रयोग आणि शाळकरी पोरे रस्त्यावर फेकतात ती शिवी, हे दोन्ही एका नावात एकमेकांना भिडवले आहेत. शिवी देणाऱ्याच्या तोंडून ती काढून घेणे ही दलित साहित्याच्या वाचकाला ओळखीची खेळी आहे. येथे ती विनोदाच्या वाटेने होते, एवढाच फरक.

मूळ गाण्यातला निवेदक एकवचनी आहे; एक माणूस आपल्या आनंदाची द्वाही फिरवतो. हिंदी आवृत्तीने शीर्षकातच ‘हम’ आणले. हिंदीत ‘हम’ एकट्यानेही म्हणता येते हे खरे. पण सहा जणी मिळून ते म्हणतात तेव्हा अनेकवचन पक्के होते. त्यापेक्षा महत्त्वाचे हे की, शतकानुशतके दुसऱ्याच्या घरच्या आनंदाला शब्द देणे हेच ज्यांचे काम, त्यांनी प्रथमच तो शब्द स्वतःकडे वळवला. बधाईचे गाणे ‘तुमच्या घरी सुख आले’ असे म्हणते. येथे सुखाचा धनी बदलला. मूळ गाण्याच्या ठेक्यात टाळ्या आहेत, त्या कोणीही वाजवाव्यात अशा निनावी टाळ्या. तळवे आडवे, बोटे फाकलेली अशी टाळी ज्यांची सही आहे त्यांच्या गाण्यात मात्र ती निनावी राहू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे आवाज त्यांचेच आहेत. ओठांच्या हालचालीमागे दुसरे कोणी उभे नाही. ‘कुंवारा बाप’पासून बेचाळीस वर्षांनी देह आणि कंठ एका ठिकाणी आले, ही या चित्रफितीची ऐतिहासिक जमेची बाजू होय.

असे असूनही या गाण्याच्या आरंभी अनुष्का शर्मा यांचे निवेदन आहे. पुढच्या ‘सब रब दे बंदे’मध्ये सोनू निगम आले, ‘ए राजू’मध्ये हृतिक रोशन. या कंठाने मंचावर यावे, पण कोणा मान्यवराचे बोट धरून, अशी ही अट दिसते. ‘सब रब दे बंदे’ आले तेव्हा भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम २०१३ च्या निकालाने पुन्हा पूर्ण जोमाने लागू होते आणि ते सैल व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले, हे लक्षात घेता त्या गाण्याचे धाडस नाकारता येत नाही. तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. १८७१ च्या कायद्याचा उल्लेख त्या निकालपत्रातही आहे. म्हणजे व्यक्ती म्हणून मान्यता आणि प्रेमाला बंदी अशा विचित्र मधल्या काळातली ही गाणी आहेत.

चित्रफितीला २०१६ साली कान येथील जाहिरात महोत्सवात ग्लास लायन विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पारितोषिक जाहिरातीचे होते, संगीताचे नव्हे. यावरून हे सारे भांडवलाचे सोंग होते असा निष्कर्ष काढणारे टीकाकार आपले काम फार सोपे करून घेतात. न्यूयॉर्कच्या बॉलरूम समाजातील नृत्य १९९० साली मॅडोनाच्या ‘व्होग’मध्ये आले, तेव्हाही हाच वाद झाला. त्या समाजातील नर्तक तेथे तारकेच्या मागे नाचले. येथे तारका बाजूला आणि सहा जणी मध्यभागी आहेत. रचनेतला हा फरक लहान नाही. आश्रयदात्याशिवाय बधाईही कधी झालेली नाही. खरी अडचण पैशाची नसून वगळण्याची आहे. बधाईच्या परंपरेत आशीर्वादाइतकाच शापही आहे. हक्क नाकारणाऱ्या यजमानाला दारात उभे राहून वाभाडे काढणारी, अश्लील, बोचरी पदे ऐकावी लागत. सनदा गेल्या, कायदा उलटला, तेव्हा या समाजाच्या हाती दंडशक्ती म्हणून उरला तो हा शापच. समाजाचा जो चिवटपणा आपण कौतुकाने सांगतो, त्याचा निम्मा भाग या शिवराळ वाणीत आहे. चहाच्या पेल्यासोबत तो येणे शक्य नव्हते. चित्रफितीतील समूह आनंदी आहे, क्षमाशील आहे, आणि त्याला पाहणाऱ्याने काही देणे लागत असल्याची आठवण तो कोठेही करून देत नाही.

आणखी एक वगळणे भाषेचे. सहा नावांपैकी तीन जगताप, एक पाटील. गाणी मात्र हिंदी-पंजाबी. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या नावाने मराठीत आले, म्हणजे या अनुभवाला मराठी गद्य उपलब्ध होते. गौरी सावंत यांच्या जीवनावरील ‘ताली’ (२०२३) ही मालिका मराठी दिग्दर्शक रवी जाधव यांची, पण हिंदीत. मराठी गद्याने हा ‘मी’ स्वीकारला. मराठी गाण्याने स्वीकारलेला दिसत नाही. नाच्याला आणि जोगत्याला मराठी गाण्यात जागा आहे, कारण त्यांच्या वेषामागे पुरुष उरतोच अशी खात्री प्रेक्षकाला देता येते.

‘सिक्स पॅक बँड’ हे नाव पुढे ‘२.०’ असा आकडा जोडून विशेष गरजा असलेल्या किशोरवयीन मुलांच्या बँडला देण्यात आले. उपक्रम चांगलाच होता. परंतु त्या मुलांपाशी आल्यावर नावातला सहा हा केवळ सहा राहिला. शिवीचा जो काटा पहिल्या सहा जणींनी उलटवून धरला होता, त्याची तेथे कोणाला गरज नव्हती.