वृद्ध स्त्रियांची दुर्बलता : यंत्रमागनगरीचा दुर्लक्षित प्रश्न

भिवंडी शहराची ओळख यंत्रमागांच्या खडखडाटाशी जोडलेली आहे. या मागांवर उभा राहणारा कामगार बहुधा पुरुष असतो. त्याच्यामागे घरात बसून कांड्या भरणारी, कापडावरचे धागे तोडणारी, नगावर मिळणारे किरकोळ काम करणारी किंवा कामगारांच्या जेवणाची 'बिस्सी' चालवणारी स्त्री मात्र कोणत्याही हजेरीपटावर आली नाही. उमेदीची वर्षे अशी गेल्यावर साठीनंतर तिच्या वाट्याला जी अवस्था येते, तिला वैद्यकशास्त्रात 'फ्रेल्टी' अर्थात वार्धक्यातील दुर्बलता असे नाव आहे. "वय झाले, आता असेच चालायचे," असे म्हणून घरचे लोक आणि बहुतेक वेळा ती स्वतःही या अवस्थेकडे दुर्लक्ष करते. ही दुर्बलता ओळखता येते, मोजता येते आणि वेळीच लक्ष दिल्यास काही प्रमाणात परतवताही येते, ही माहिती अजून घराघरांत पोहोचलेली नाही.

दुर्बलता म्हणजे नेमके काय?

वार्धक्य आणि दुर्बलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐंशीव्या वर्षी स्वतःची कामे स्वतः करणारी आजी आणि पासष्टाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेली तिची शेजारीण, अशी उदाहरणे प्रत्येक वस्तीत सापडतात. शरीराची राखीव शक्ती इतकी घटते की किरकोळ आघातही पेलवत नाही, या स्थितीला दुर्बलता म्हणतात. साधा ताप, जुलाब किंवा न्हाणीघरात पाय घसरणे अशा प्रसंगातून एरवीची वृद्ध व्यक्ती आठवडाभरात सावरते. दुर्बल व्यक्तीचे चालणेच त्यानंतर कायमचे थांबू शकते.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दुर्बलतेची पाच लक्षणे निश्चित केली : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा त्याहून अधिक वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि शारीरिक हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास व्यक्ती दुर्बल मानली जाते. एक किंवा दोन असल्यास ती दुर्बलतेच्या उंबरठ्यावर असते. उंबरठ्यावरील व्यक्तीला परत सावरणे तुलनेने सोपे असल्याने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड यांच्या गटाने दुसरी पद्धत मांडली. मंद दृष्टी, ऐकू न येणे, मधुमेह, सांधेदुखी, विस्मरण अशा लहानमोठ्या उणिवांची बेरीज करून दुर्बलतेचा निर्देशांक काढावा, असे ही पद्धत सांगते. आयुष्यभर साचत गेलेल्या कमतरता अखेरीस एकदम प्रकट होतात, हा तिचा गाभा आहे. गरीब स्त्रीच्या बाबतीत हे साचणे बालपणापासूनच सुरू झालेले असते.

आयुष्य अधिक, आरोग्य कमी

स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक वर्षे जगतात. पण त्या वयात दुर्बलतेचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक आढळते. जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेला हा विरोधाभास आहे. भारतात २०१७-१८ मध्ये 'लासी' या नावाने वार्धक्याची राष्ट्रीय पाहणी झाली. ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा तीत समावेश होता. अंघोळ, कपडे घालणे, अंथरुणातून उठणे यांसारख्या दैनंदिन कामांतील अडचणी वृद्ध पुरुषांपेक्षा वृद्ध स्त्रियांत अधिक असल्याचे तीत दिसून आले.

यामागे काही कारणे शारीरिक आहेत. स्त्रीच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण मुळातच कमी असते आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. उरलेली कारणे सामाजिक आहेत. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर उरेल ते खायचे, या रीतीत डाळ, दूध, अंडी किंवा मासे तिच्या ताटात क्वचितच येतात. लहान वयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे आणि वर्षानुवर्षांचा रक्तक्षय यांची भर पडते. नवरा वयाने मोठा असल्याने वैधव्य तिच्याच वाट्याला अधिक येते आणि त्याबरोबर घरातील शब्दाचे वजनही घटते. शिक्षण नसल्यामुळे औषधाच्या पुडीवरची सूचना किंवा कार्यालयातील अर्ज तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

भिवंडीचे वेगळेपण

२०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. हे शहर स्थलांतरितांच्या अनेक लाटांनी घडले. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार, तसेच मूळचे आगरी, कोळी आणि कोकणी मुस्लिम अशी येथील वस्ती आहे. त्यामुळे दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहणारी वृद्धा उर्दू, तेलुगू, हिंदी किंवा आगरी बोली बोलणारी असते. आपले दुखणे समोरच्याच्या भाषेत सांगणे, ही तिची पहिली अडचण असते.

दुसरी अडचण घराची. अनेक वस्त्यांत यंत्रमाग आणि राहती खोली यांत एका भिंतीचेच अंतर असते. मागाचा आवाज आणि सुताची धूळ दिवसभर घरात येत राहते. कांड्या भरण्याचे काम जमिनीवर बसून, तासन्‌तास एकाच स्थितीत चालते. गुडघे, कंबर आणि डोळे त्यातच झिजतात.

तिसरी अडचण शौचालयाची. सार्वजनिक शौचालय दूर असेल आणि रात्री वाटेत उजेड नसेल, तर वृद्ध स्त्री संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळते. पाणी कमी पडल्याने चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवतो. चक्कर आल्याने ती पडते आणि पडण्याच्या भीतीने घराबाहेर जाणे थांबवते. हालचाल थांबल्यावर स्नायू आणखी क्षीण होतात. दुर्बलतेचे हे चक्र अशा रोजच्या, क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांतून सुरू होते.

शहराभोवतीच्या गावांत चित्र थोडे निराळे आहे. माणकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. जमिनीचा मोबदला ज्या घरांत आला, तेथेही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वृद्ध स्त्रीच्या हाती त्यातले किती आले, हा प्रश्न उरतोच.

नोंदीचे मोल

काम नोंदलेले असले तर काय फरक पडतो, हे सोलापूरकडे पाहिल्यावर कळते. तेथेही तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे आणि तेथील हजारो स्त्रियांनी घरी बसून विड्या वळल्या. हे कामही आरोग्याला घातकच. परंतु विडी कामगारांना स्वतंत्र कायदा, ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी लागू झाला. दहा वर्षांची नोंद पूर्ण असलेल्या स्त्रीला ५८ व्या वर्षानंतर निवृत्तिवेतन मिळू शकते. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा एक हजार रुपये ठरली. ही रक्कम अपुरी असल्याची तक्रार रास्तच आहे. तरीही ती तिच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या श्रमाची म्हणून येते. भिवंडीत घरी बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रीपाशी दाखवण्यासारखा एकही कागद नसतो.

म्हणून तिला निराधारांसाठीच्या योजनांकडे वळावे लागते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य मिळते. २०२३ मध्ये ते एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आले. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा, अशी अट आहे. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबातील स्त्रीला हा पुरावा जमवणे कठीण जाते. वयाचा दाखला ही आणखी एक अडचण. शाळेत न गेलेल्या आणि जन्मनोंद नसलेल्या स्त्रीचे वय शिधापत्रिकेवर एक आणि मतदार यादीत दुसरे असते. कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजल्याने आधारसाठी ठसा जुळत नाही, हा अनुभवही सार्वत्रिक आहे.

पासष्टीची रेघ

वयाच्या अटीमुळे एक विचित्र पेच तयार झाला आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा ती २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी होती आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये होती. पासष्टीनंतर स्त्रीने श्रावणबाळ योजनेकडे जावे, तर तेथे त्या वेळी उत्पन्नाची मर्यादा होती वार्षिक २१ हजार रुपये. म्हणजे वर्षाला लाखभर रुपये मिळवणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या घरातील आई चौसष्टाव्या वर्षी दीड हजार रुपयांना पात्र ठरते आणि पासष्टी ओलांडताच दोन्ही योजनांच्या बाहेर पडते. दुर्बलता वाढण्याच्या नेमक्या वयात तिच्या हातचा पैसा थांबतो. कागदोपत्री घरात मिळवता मुलगा असला, तरी तिच्या औषधाला पैसे उरतातच असे नाही.

जीवनमान कशावर मोजायचे?

वृद्धांच्या जीवनमानाच्या मोजमापासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या प्रश्नावलीत केवळ आजारांची विचारणा नाही. दृष्टी-श्रवणाची स्थिती, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा, लोकांत मिसळणे, आयुष्याविषयीचे समाधान, मृत्यूविषयीची भीती आणि जिव्हाळ्याची नाती हेही तीत मोजले जाते. या कसोटीवर चष्मा मिळणे, हातात थोडे पैसे असणे, शेजारणीकडे एकटीने जाता येणे या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. एकटेपणामुळे जेवण कमी होते आणि अशक्तपणामुळे एकटेपण वाढते.

काय करता येईल?

दुर्बलतेवर एखादी गोळी नाही. स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि प्रथिनयुक्त आहार यांचा एकत्रित उपयोग होतो, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. डाळ, दूध, अंडी, सुकी मासळी, शेंगदाणे, चणे यांतून ती मिळू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे हा घरी करता येणारा सोपा व्यायाम आहे. पाच वेळा असे उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर तपासणी करून घेणे इष्ट. मोतीबिंदू, रक्तक्षय, थायरॉइड, उदासीनता आणि एकाच वेळी चाललेली अनेक औषधे यांचीही तपासणी व्हावी.

शोध घेण्याची व्यवस्था पूर्णपणे नव्याने उभारण्याची गरज नाही. आशा सेविका असंसर्गजन्य आजारांसाठी जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामात मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरता का, असे त्यांचे स्वरूप आहे. 'होय' असे उत्तर आल्यावर त्या स्त्रीला इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयापर्यंत कोण नेणार आणि पुन्हा तिची विचारपूस कोण करणार, ही साखळी पक्की होणे आवश्यक आहे. सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दुर्बलतेची सुरुवातीची तपासणी आणि रोजची औषधे मात्र बाह्यरुग्ण विभागातच मिळायला हवीत.

उपयुक्त माहिती

• श्रावणबाळ योजना : अर्ज तहसील कार्यालयात. जन्मनोंद नसल्यास शासकीय रुग्णालयातील सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

• आयुष्मान वय वंदना कार्ड : ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार. आधार कार्ड आवश्यक.

• निर्वाह कायदा, २००७ : सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांत अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तो स्वयंसेवी संस्थेमार्फतही देता येतो. कायद्यातील निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये.

• ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी : १४५६७, निःशुल्क.