डोळ्यातलं फूल आणि चुन्याची डबी

आपल्या वरणगावकडे बुबुळावर पांढरा डाग पडला की म्हातारी माणसं म्हणतात, "डोळ्यात फूल पडलं." ज्वारीचं पान लागतं, कपाशीची काडी लागते, चुना उडतो. जखम भरते, पण डाग राहतो. हा डाग असतो कॉर्नियावर. बुबुळावरची ही पारदर्शक काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम तीच करते.

अलोइस ग्लोगर हा असाच एक शेतमजूर. चुन्यानेच त्याचे दोन्ही डोळे गेले. 7 डिसेंबर 1905 ला, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी त्याला 11 वर्षांच्या मुलाचा कॉर्निया बसवला. त्या मुलाचा जखमी डोळा काढावाच लागला होता. ग्लोगरचा एक डोळा टिकला, तो पुन्हा कामाला लागला.

मूत्रपिंडाला हे यश मिळायला 1954 उजाडलं! कारण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, प्राणवायू तो हवेतून घेतो. म्हणून शरीर परका कॉर्निया सहसा नाकारत नाही.

मद्रासला 1945 मध्येच नेत्रपेढी झाली. अडतं कुठं? मरणानंतर साधारण सहा तासांत कॉर्निया काढावा लागतो. आपला तो वेळ रडण्यात आणि पाहुण्यांची वाट बघण्यात जातो. अर्ज भरलेला नसला तरी घरचे संमती देऊ शकतात. म्हणून आजच घरात बोलून ठेवा.

आणि हो, चुन्याची डबी पोरांपासून लांब ठेवा. उडालाच तर आधी भरपूर पाण्यानं डोळा धुवा, मग लगेच दवाखाना!