जुन्या फोर-व्हील गाडीचे डिफरन्शियल ऑइल कसे बदलावे?

कर्जत-खालापूर भागात भात, भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या फोर-व्हील गाड्या पावसाळाभर ओढे आणि चिखलातून चालतात. तापलेले डिफरन्शियल पाण्यात बुडून एकदम थंड झाले की आत हवा ओढते. ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी आत शिरते. म्हणून भातकापणीची वाहतूक सुरू होण्यापूर्वी पुढचे व मागचे, दोन्ही डिफरन्शियल तपासा.

१. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा. सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा.

२. आधी वरचा भरण्याचा प्लग उघडा. तो जाम असल्यास ऑइल काढू नका. नवे भरता येणार नाही.

३. खालचा ड्रेन प्लग काढा. तो नसल्यास कव्हर सोडावे लागते. बसवताना नवे पॅकिंग वापरा.

४. ऑइल दुधाळ असल्यास पाणी शिरले आहे. धातूचे तुकडे दिसल्यास मेकॅनिकला दाखवा. बारीक भुकटी मात्र झिजेची असते.

५. ड्रेन प्लग घट्ट बसवा. गाडीच्या पुस्तिकेतील ग्रेडचे ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, वरचा प्लग लावा.

६. ब्रीदर साफ करा, नाहीतर पाणी पुन्हा शिरेल.

जुने ऑइल शेतात किंवा ओढ्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या.